झिजणाऱ्या घरांचा जमाखर्च

गेल्या वर्षी शिरपुरात एका समारंभात एका बाईंचा 'आदर्श माता' म्हणून सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र, वक्त्यांची भाषणे, सर्व यथासांग पार पडले. बाईंचे दोन्ही मुलगे स्नायू झिजविणाऱ्या असाध्य रोगाने ग्रासलेले आहेत. थोरला सतरा वर्षांचा असून अंथरुणास खिळलेला आहे, धाकटा बारा वर्षांचा असून नुकताच चाकांच्या खुर्चीत बसू लागला आहे. मातेच्या सेवेला मोल नाही, असे एका वक्त्याने सांगितले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे. दोन दिवसांनी आम्ही त्या घरी गेलो, तेव्हा सत्काराची ती शाल चौपदरी घडी होऊन थोरल्याच्या टाचांखाली गेलेली होती. सतत निजून राहणाऱ्याच्या टाचेस जखम पडते, आणि शाल जाड असल्यामुळे ती त्या कामी बरी पडते, असे बाईंनी सांगितले. आधीच्या सत्कारांच्या दोन शाली त्याच्या पाठीशी होत्या. सेवेला मोल नाही हे वाक्य सभामंडपात ऐकले म्हणजे त्याचा अर्थ एक होतो, आणि महिनाअखेर वाण्याच्या दुकानी उभे राहून आठवले म्हणजे दुसराच होतो. आम्हांस ह्या लेखात त्या दुसऱ्या अर्थाविषयी बोलावयाचे आहे.

रोगाचे नाव डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. एकोणिसाव्या शतकात ज्या फ्रेंच वैद्याने त्याचे सविस्तर वर्णन केले, त्याचेच नाव त्यास मिळाले. साधारणतः साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकास तो होतो. स्नायूंस टिकवून धरणारे डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन अशा मुलाच्या शरीरात बनत नाही, कारण ते बनविण्याची आज्ञा ज्या जनुकात असते तो जनुकच सदोष असतो. मूल तीन-चार वर्षांचे होईपर्यंत आईबापांस काही कळत नाही. पुढे ते वारंवार पडू लागते, जिना चढताना कठडा धरते, आणि जमिनीवरून उठताना आपल्याच मांड्यांवर हात टेकीत टेकीत, जणू स्वतःच्या अंगावर चढत उभे राहते. बाराव्या वर्षाच्या सुमारास चालणे थांबते. त्यानंतर पाठीचा कणा वाकतो, हात उचलेनासे होतात, आणि शेवटी हृदयाचे व श्वासाचे स्नायू थकतात. आमचा हा थोरला मुलगा बुद्धिबळात आम्हांस सहज हरवितो. सोंगट्या मात्र त्याच्या सांगण्यावरून दोन्ही बाजूंच्या आम्हांसच हलवाव्या लागतात. सदोष जनुक बहुधा आईकडून येतो, एवढे अर्धे शास्त्र गावात फार लवकर पसरते, आणि मग सासरच्या माणसांस तोंडसुख घेण्यास विषय मिळतो. सुमारे एक तृतीयांश मुलांत तो दोष आईत नसताना नव्यानेच उद्भवतो, हे उरलेले शास्त्र मात्र वेशीपाशीच अडून राहते.

बाईंजवळ एक वही आहे. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे, अशी ती जुन्या पद्धतीची वही आहे, कारण त्यांचे यजमान एका जिनिंगमध्ये हिशेबनीस आहेत आणि घरातही त्यांस तीच शिस्त आवडते. ती वही आम्ही त्यांच्या अनुज्ञेने पाहिली. आमची अपेक्षा अशी होती की, तीत मोठमोठ्या औषधांच्या रकमा दिसतील. तशा त्या दिसल्या नाहीत. स्टेरॉइडच्या गोळ्या स्वस्त आहेत. त्यांचा आकडा दुधाच्या आकड्याहूनही लहान आहे. उजवे पान भरले आहे ते भलत्याच गोष्टींनी. धुळ्यास नेण्यासाठी जीप. जीपबरोबर मुलास उचलण्यासाठी एक गडी, त्याचे जेवण. न्हाणीघराचे दार रुंद करविले, त्याची गवंड्याची मजुरी. खुर्चीचे चाक. डायपर. व्यायाम करवून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टाचे पैसे, आणि काही महिन्यांनी त्याच ओळीसमोर रिकामी जागा, कारण तो खर्च बंद केला. रात्री श्वासास साहाय्य करणारे बायपॅप यंत्र हप्त्याने घेतले त्याचा हप्ता, आणि वीज गेली तर ते बंद पडू नये म्हणून घेतलेल्या बॅटरीचा दुसरा हप्ता. यांपैकी एकही रक्कम ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणील अशी नाही. परंतु त्या दर महिन्यास येतात, आणि प्रत्येक वर्षी थोड्या वाढून येतात, कारण रोगाचा स्वभावच वाढण्याचा आहे.

डाव्या पानावर एक ओळ 9 वर्षांपूर्वी बंद झाली, ती बाईंच्या स्वतःच्या पगाराची. त्या डी.एड. झालेल्या असून एका खाजगी शाळेत शिकवीत होत्या. थोरल्यास वर्गाच्या पायऱ्या चढवेनात, तेव्हा त्यास उचलून नेण्यासाठी कोणी तरी हवे म्हणून त्यांनी नोकरी सोडली. मुलासाठी खालच्या मजल्यावर वर्ग आणणे शाळेस अवघड वाटले, आणि आईने नोकरी सोडणे सर्वांस सोपे वाटले. खर्चाच्या पानावर ह्या नुकसानीची नोंद कोठेच नाही. असले नुकसान जमाखर्चात धरावयाचे असते हे यजमानांस ठाऊक असूनही त्यांनी ते धरलेले नाही. कदाचित त्या आकड्याकडे पाहण्याचे धैर्य त्यांस झाले नसावे. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात. ह्या बाई अखेरच्या माहेरी गेल्या त्यास 6 आखाज्या झाल्या, आणि तीही नोंद वहीत नाही.

आता कोणी म्हणेल की, सरकारच्या एवढ्या योजना असताना हे कुटुंब एकटे कसे पडले? प्रश्न वाजवी आहे. 2012 साली महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या 8 जिल्ह्यांत धुळ्याची निवड झाली होती. म्हणजे आमच्या जिल्ह्याने ही योजना मुंबईच्या बरोबरीने आणि पुण्या-नाशिकाच्या आधी पाहिली. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि संरक्षणाची मर्यादा दीड लाखांवरून 5 लाखांवर गेली. ह्या योजनेने सहस्रावधी गरिबांची हृदये आणि मूत्रपिंडे वाचविली आहेत, आणि तिची निंदा करण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. परंतु ती कोणत्या गोष्टीस पैसे देते ते पाहावे. ती ठराविक शस्त्रक्रियांस आणि ठराविक उपचारांस पैसे देते. रुग्ण रुग्णालयात दाखल झाला पाहिजे, उपचार यादीत असला पाहिजे, आणि काही दिवसांत तो घरी गेला पाहिजे. ज्या रोगात शस्त्रक्रिया नाही, दाखल होण्याचा दिवस नाही आणि बरे होऊन घरी जाणेही नाही, त्याच्यासाठी ह्या 5 लाखांचे कुलूप उघडतच नाही. खाजगी विमा कंपन्यांस 2018 साली जन्मजात जनुकीय रोग वगळू नयेत अशी ताकीद मिळाली, तीही योग्यच झाली. पण विमाही मुख्यतः रुग्णालयातील खाटेचाच असतो, घरातील खाटेचा नसतो. आमच्या सर्व योजनांच्या मुळाशी रोगाची एकच कल्पना बसलेली आहे: रोग म्हणजे अपघात, जो एका दिवशी येतो आणि एका दिवशी जातो. जो रोग घरात भाडेकरूसारखा राहावयास येतो आणि दर महिन्यास भाडे देण्याऐवजी घेतो, तो ह्या कल्पनेत बसत नाही.

उरलेल्या सवलतींची गत तर चमत्कारिक आहे. एस.टी.ने अपंगांस भाड्यात 75 टक्के सवलत दिली आहे, आणि अधिक अपंग असलेल्यांच्या सोबत्यासही निम्मे भाडे माफ आहे. ह्या औदार्याचा लाभ घेण्यास मुलाने प्रथम बसच्या पायऱ्या चढल्या पाहिजेत. त्या त्यास चढता आल्या असत्या, तर ही सवलत त्यास मिळालीच नसती! म्हणून जीप करावी लागते, आणि जीपवाला प्रमाणपत्र पाहत नाही. आयकरात अपंग अवलंबिताच्या संगोपनासाठी वजावट आहे. ती जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्यासच मिळते, नव्या करपद्धतीत तिला स्थान नाही. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' नावाची योजना लाख रुपयांपर्यंत खर्च देते, आणि तीत रुग्णालयाबाहेरील खर्चाचाही विचार आहे; परंतु तो न्यास 1999 च्या ज्या कायद्याने निघाला त्यात स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता एवढ्याच अवस्था आहेत. मुलाचे केवळ स्नायूच गेले आणि बुद्धी शाबूत राहिली, हा त्याचा अपराध!

प्रमाणपत्राची कथा तर आणखी निराळी आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, आणि त्यांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस यांची नावे घातली, हे फार मोठे कार्य झाले. परंतु नियम असा की, अपंगत्वात बदल होण्याचा संभव नसेल तर प्रमाणपत्र कायमचे द्यावे, आणि संभव असेल तर मुदतीचे द्यावे. ज्याचा पाय तुटला त्यास कायमचे मिळते. ज्याचे दोन्ही पाय, दोन्ही हात आणि श्वास हळूहळू जात आहेत, त्याच्या अवस्थेत बदल होत असल्यामुळे त्याच्या हाती मुदतीचे पडते. आणि मुदत संपली की पुन्हा जीप, पुन्हा गडी, पुन्हा रांग. बदल एकाच दिशेने होतो, आणि ती दिशा वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. मागील खेपेस रांगेत ताटकळल्यावर एका कर्मचाऱ्याने, "मुलास काही सुधारणा?" असे विचारले. तो गृहस्थ वाईट नव्हता. समोरच्या कागदावर तसा रकाना होता, एवढेच.

वर्तमानपत्रांत मात्र ह्या रोगांची दुसरीच बाजू येते. 2021 साली मुंबईतील एका तान्ह्या मुलीच्या मज्जास्नायूंच्या दुर्मीळ रोगासाठी 16 कोटींचे एकच इंजेक्शन लागणार होते. देशोदेशींच्या लोकांनी वर्गणी जमविली, आणि केंद्र सरकारने सुमारे 6 कोटींचा आयातकर व इतर कर माफ केला. ते योग्यच झाले. मूल वाचविण्यास उशीर करून तत्त्वचर्चा करू नये. परंतु तेव्हापासून आमच्या सुशिक्षित वर्गाची अशी समजूत झाली आहे की, असे रोग म्हणजे कोट्यवधींचे औषध आणि एक मोठी वर्गणी. डुशेनवरही जनुकोपचाराचे औषध 2023 साली अमेरिकेत निघाले. किंमत 32 लाख डॉलर. 2025 साली ते घेतलेल्या, चालणे थांबलेल्या दोन मुलांचे यकृत निकामी होऊन मृत्यू झाले, तेव्हा चालू न शकणाऱ्या रुग्णांसाठी त्याचा पुरवठा थांबविण्यात आला. आमच्या सरकारच्या 2021 च्या दुर्मीळ रोग धोरणातही दृष्टी औषधावरच आहे. डुशेनचे नाव त्याच्या तिसऱ्या गटात आहे, 2022 पासून साहाय्याची मर्यादा 50 लाख आहे, आणि ते ठरलेल्या केंद्रांतील उपचारासाठी मिळते. मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यांपैकी एक. शिरपुराहून ते साडेतीनशे किलोमीटरांहून दूर आहे, आणि 50 लाखांतील एक पैसाही न्हाणीघराच्या दाराकडे वळत नाही.

वास्तविक ह्या मुलांचे आयुष्य आजवर कशाने वाढले? इंग्लंडातील न्यूकॅसल येथील वैद्यांनी आपल्या रुग्णांचा हिशेब 2002 साली प्रसिद्ध केला. 1960 नंतरच्या दशकात मृत्यूचे सरासरी वय 14.4 वर्षे होते. 1990 नंतर ज्यांस रात्री श्वासयंत्राचे साहाय्य मिळाले, त्यांचे 25.3 झाले. तेथे कोणतेही कोट्यवधींचे औषध नव्हते. वेळेवर तपासणी, श्वासाचे यंत्र, आणि ते यंत्र रोज लावणारे माणूस, ह्या जोरावर 11 वर्षे मिळाली. बाईंच्या वहीतील दोन हप्ते हीच ती 11 वर्षे आहेत, आणि ते भरले जातील की नाही हे जिनिंगच्या हंगामावर अवलंबून आहे.

शिरपूरकरांस ह्या गोष्टीचे मर्म इतरांहून लवकर कळावे. ज्या गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले ते पाण्याच्या 'शिरपूर पॅटर्न'मुळे. तापीच्या गाळाच्या जमिनीत वरच्या थरांतून पाणी मुरत नसे. 2004 पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी, येथील आमदार अमरिशभाई पटेल यांच्या पाठबळाने, नाले रुंद व खोल करून त्यांवर बंधाऱ्यांमागून बंधारे बांधले आणि विहिरींस पाणी आणले. त्या पद्धतीवर जाणत्यांचे आक्षेप आहेत, आणि ते येथे तोलण्याचे आमचे काम नव्हे. परंतु एक मोठे धरण केव्हा तरी होईल म्हणून वाट न पाहता प्रत्येक नाल्यावर लहान बंधारा घालावा, हा विचार ज्या तालुक्याने देशास दाखविला, त्याच तालुक्यात झिजणाऱ्या घरांस मात्र आम्ही सांगतो की, धरणाची, म्हणजे कोटींच्या औषधाची, वाट पाहा!

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. कित्येक विद्वानांचे म्हणणे असे आहे की, आईने मुलाची, सुनेने सासूची, पत्नीने पतीची शुश्रूषा करणे हा आमच्या कुटुंबसंस्थेचा प्राण आहे. तिच्याबद्दल सरकारने भत्ता दिला, तर सेवेची चाकरी होईल आणि घराचे धर्मशाळेत रूपांतर होईल. हे म्हणणारे बहुधा पुरुष असतात, आणि त्यांच्या घरची शुश्रूषा बहुधा दुसरे कोणी करीत असते, हे आम्ही नुसते नमूद करून ठेवतो. शिरपुरापासून तापी ओलांडली की पलीकडे अमळनेर आहे, जेथे साने गुरुजी शिक्षक होते. त्यांची 'श्यामची आई' 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली, आणि तेव्हापासून मराठी मध्यम वर्ग ते पुस्तक रडत रडत वाचीत आला आहे. परंतु आम्ही त्यातील आईचे प्रेम लक्षात ठेवले आणि तिचे कर्ज विसरलो. ती माउली रोगाइतकीच सावकाराच्या तगाद्याने आणि त्यापायी झालेल्या मानहानीने खचली, हे गुरुजींनी काही लपवून ठेवलेले नाही. प्रेम कमी पडल्यामुळे ते घर बुडाले, असे त्या पुस्तकाचा कोणताही वाचक म्हणणार नाही. मग भत्त्याने प्रेम आटेल ही भीती कोठून आली? वर ज्या बाईंची गोष्ट सांगितली, त्यांस आम्ही एकदा विचारले की, ह्या कामाबद्दल सरकारने काही द्यावे असे वाटते काय. त्या एरवी शुद्ध बोलतात, पण त्या क्षणी अहिराणीतच म्हणाल्या, "पोऱ्या मना शे." थोडा वेळ थांबून मग म्हणाल्या, "पण बॅटरीचा हप्ता सरकारने दिला तर मुलगा काही सरकारचा होणार नाही."

ह्या वादात आम्ही काही एकटे नाही. इंग्लंडात 1976 साली आजाऱ्याची घरी शुश्रूषा करणाऱ्यांस भत्ता सुरू झाला, तेव्हा विवाहित स्त्रियांस तो नाकारला होता. त्या घरीच असतात, मग त्यांचे नुकसान ते काय, असा तेथील कायदेपंडितांचा युक्तिवाद! एका स्त्रीने आपल्या आईच्या शुश्रूषेबद्दल तो मागितला, वाद युरोपच्या न्यायालयापर्यंत नेला, आणि 1986 साली तो जिंकला. इंग्लंडातील कुटुंबे त्यानंतर मोडली असतील तर ती अन्य कारणांनी. आमच्याच देशात केरळाने अंथरुणास खिळलेल्यांच्या शुश्रूषाकर्त्यांस 'आश्वासकिरणम्' योजनेखाली दरमहा 600 रुपये देण्याचे ठरविले. रक्कम हास्यास्पद आहे, तरी शुश्रूषा हे काम आहे एवढे तीत मान्य झाले. आंध्र प्रदेशाने तर 2024 साली गंभीर मस्क्युलर डिस्ट्रॉफीने खाटेस वा चाकांच्या खुर्चीस खिळलेल्यांचे निवृत्तिवेतन 5 हजारांवरून 15 हजार केले. आंध्रात आया मुलांवर कमी माया करू लागल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

महाराष्ट्राची स्थिती काय आहे? 1980 साली सुरू झालेली संजय गांधी निराधार योजना येथे आहे, आणि 2025 च्या ऑक्टोबरापासून अपंगांस तीत दरमहा 2500 रुपये मिळू लागले, ह्याबद्दल सरकारचे अभिनंदन करावे. पण अपंगाच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत असले पाहिजे, ही अट गेली कित्येक वर्षे तशीच राहिली. दररोज 300 रुपये मिळविणारा मजूर वर्षात 200 दिवस कामास गेला की तो ह्या हिशेबाने श्रीमंत होतो! ह्याच राज्याने 2024 साली 21 ते 65 वर्षांच्या स्त्रियांस दरमहा 1500 रुपये देण्याची योजना काढली, तेव्हा कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली. त्या योजनेशी आमचे भांडण नाही. परंतु धडधाकट माणसांच्या घरास अडीच लाखांपर्यंत गरजू समजावे आणि श्वासाचे यंत्र चालविणाऱ्या घरास 50 हजारांवर सधन समजावे, हे तर्कशास्त्र आम्हांस कोणी समजावून द्यावे. 2016 च्या कायद्यात तर स्पष्ट म्हटले आहे की, अपंगांसाठीच्या साहाय्याची रक्कम इतरांच्या तशाच योजनांहून निदान 25 टक्के अधिक असावी. आणि त्याच कलमात, ज्यांस अधिक आधाराची गरज आहे अशांसाठी शुश्रूषा-भत्त्याचाही उल्लेख आहे. कायदा होऊन दशक लोटले. बाईंच्या वहीच्या डाव्या पानावर असा भत्ता म्हणून अद्याप एक रुपयाही आलेला नाही.

खोटे लाभार्थी शिरतील, हा आक्षेप आम्ही फारसा मनावर घेत नाही. डुशेनचे निदान रक्ताच्या जनुकीय परीक्षेने होते. ती खोटी करविण्यापेक्षा खरी नोकरी करणे सोपे. रोगी थोडे आहेत, त्यांच्यासाठी एवढी यातायात कशाला, हा आक्षेप मात्र अधिक निष्ठुर आहे, कारण तो सभ्य भाषेत मांडला जातो. आमच्याच तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पाड्यांत पावरा आणि भिल्ल कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा जन्मभराचा रोग आहे. तो शतकानुशतके होता. पण मोजणी झाली, आकडा डोळ्यांत भरला, आणि 2023 साली राष्ट्रीय मोहीम निघाली. म्हणजे मोजले तर दिसते. आणि रोगी खरोखरच थोडे आहेत काय? पार्किन्सनने हात कापणारे आजोबा, स्मृतिभ्रंशाने आपलेच घर न ओळखणारी आजी, ह्यांची घरे ह्याच हिशेबाची आहेत. 60 वर्षांवरील माणसांत सुमारे 7.4 टक्क्यांस, म्हणजे देशात 88 लाखांस स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. ह्या मासिकाच्या वाचकांपैकी कित्येकांच्या माजघरात अशी एक खाट असेल, आणि तिच्यापाशी रात्री उठणारी सून सकाळी नोकरीवर जात असेल, किंवा जाणे सोडून बसली असेल. 70 वर्षांवरील सर्वांस 2024 पासून 5 लाखांचे संरक्षण मिळाले. तेही रुग्णालयाचे, त्या खाटेचे नव्हे.

तेव्हा आमची मागणी अवाढव्य नाही. राज्याने शुश्रूषा-भत्ता सुरू करावा, तो शुश्रूषा करणाऱ्याच्या नावे द्यावा, आणि उत्पन्नाची मर्यादा निदान तीच ठेवावी जी त्याने स्वतःच 2024 साली योग्य मानली. ज्या रोगांत सुधारणा होतच नाही, त्यांचे प्रमाणपत्र पहिल्याच वेळी कायमचे द्यावे. टक्केवारी वाढवून हवी असेल तर तपासणीस रोग्याच्या घरी कोणी तरी यावे. धुळ्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे महिन्यातून एक दिवस स्नायू, हृदय आणि श्वास यांची तपासणी एकाच जागी व्हावी, म्हणजे जीप तीनदा करावी लागणार नाही. श्वासयंत्रे जिल्ह्याने घेऊन घरी वापरावयास द्यावीत, आणि काम संपल्यावर परत घ्यावीत. काम केव्हा संपते हे त्या घरांस माहीत असते, ते आम्ही लिहून दाखविण्याची गरज नाही.

मुंबईच्या आज्ञेची वाट न पाहता येथेच करण्यासारखेही आहे. महाराष्ट्रातील नगरपालिकांनी व ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नाचा 5 टक्के भाग अपंगांसाठी खर्च करावा असा नियम आहे. शिरपूर-वरवाडे नगरपरिषदेने आणि तालुक्यातील ग्रामपंचायतींनी त्यातून एक रुग्णवाहक गाडी, जिच्यात चाकांची खुर्ची उतरणीवरून सरळ चढते अशी, सर्वांत मिळून ठेवावी. आणि समारंभ करणाऱ्या मंडळांनी शाल-श्रीफळाचे पैसे एका वर्षासाठी बॅटरीच्या हप्त्याकडे वळवून पाहावेत; भाषणे वाटल्यास चालू ठेवावीत. आम्हीही त्या समारंभात पुढल्या रांगेत बसलो होतो, तेव्हा ह्या शेवटल्या कामी पहिली वर्गणी आमच्याकडूनच घेतली जावी हे न्याय्य होईल.

थोरल्याच्या प्रमाणपत्राची मुदत येत्या फाल्गुनात संपते. त्या दिवसांत कापसाचा हंगाम उतरणीस लागलेला असतो, यजमानांस रजा मिळते, पण लग्नसराईमुळे जीप मिळत नाही. बाईंनी ती आतापासूनच सांगून ठेवली आहे, आणि वहीच्या उजव्या पानावर तिचा आगाऊ विसार लिहिला आहे.